चिलटांचं घड्याळ मोजायचंय? मग आधी अंधार नीट करा

एमएस्सी झूलॉजीचं डिझर्टेशन तोंडावर आलंय आणि सर्केडियन ऱ्हिदमवर (म्हणजे शरीराच्या आतल्या, साधारण 24 तासांच्या घड्याळावर) काहीतरी करायचंय असं डोक्यात असेल तर एकदम उंदरांच्या मागे लागू नका. उंदीर म्हटलं की आधी एथिक्स कमिटीची परवानगी, मग प्रत्येकाला वेगळा पिंजरा, त्यात पळायचं चाक, अशात अर्धं वर्ष निघून जातं. त्यापेक्षा ड्रॉसोफिला घ्या, म्हणजे पिकल्या केळ्यावर घोंगावतात त्या चिलटांच्या घराण्यातली माशी. तिला ती परवानगी लागत नाही आणि या विषयातलं मोठं काम तिच्यावरच झालंय. 1971 साली कॅलटेकमध्ये कोनोप्का आणि बेंझर यांना तीन म्युटंट (जीन बदललेल्या माश्या) सापडले, एकाचा दिवस 19 तासांचा, एकाचा 28 तासांचा आणि तिसऱ्याला ऱ्हिदमच नाही, आणि गंमत म्हणजे तिन्हींत बिघडलेला जीन एकच, पिरियड. 2017 चं मेडिसिनचं नोबेल मिळालं ते याच धाग्यावरच्या पुढच्या कामाला. आपल्याकडे बेंगळुरूच्या जेएनसीएएसआर या संशोधन संस्थेत आणि नगरच्या अहमदनगर कॉलेजातही ड्रॉसोफिलाच्या ऱ्हिदमवर भरपूर काम झालंय.

हालचाल मोजायला बहुतेक ठिकाणी डॅम, म्हणजे ड्रॉसोफिला अ‍ॅक्टिव्हिटी मॉनिटर, वापरतात. एका मॉनिटरमध्ये 32 काचेच्या नळ्या, प्रत्येक नळी साधारण 5 मिलिमीटर जाड आणि 65 मिलिमीटर लांब, मधोमध इन्फ्रारेड किरण, माशी इकडून तिकडे गेली की किरण तुटतो आणि कॉम्प्युटरवर एक काउंट पडतो, बस्स एवढंच. नळीत खाणं म्हणजे 5 टक्के साखर आणि 2 टक्के आगर. नळ्यांचा जुडगा बांधून गरम आगरमध्ये उभा करायचा, आगर चढून गोठलं की बाहेर काढून पुसायचा आणि खाण्याचं टोक वितळलेल्या मेणात बुडवायचं. मेण जेमतेम वितळलेलं असू द्या, फार कडक तापवलं तर आगर सुटून नळीत पाणी साचतं आणि माशी त्यात चिकटून मरते. दुसऱ्या टोकाला कापसाचा छोटा बोळा, तो घट्ट कोंबू नका, हवा जायला पाहिजे.

माश्या नर घ्या, तीन ते पाच दिवसांचे. माद्या अंडी घालतात, मग अळ्या होतात, त्या आगर पोखरून नळीभर फिरतात आणि डेटाची वाट लागते.

25 डिग्रीच्या इनक्युबेटरमध्ये तीन-चार दिवस 12 तास उजेड 12 तास अंधार द्या. वेळ झेडटीत (झाइटगेबर टाइम, म्हणजे दिवा लागल्यापासूनचे तास) मोजतात, दिवा लागतो तो झेडटी 0, विझतो तो झेडटी 12. पहिल्या दिवसाचा डेटा सोडून द्यायचा, माशी नवीन जागेत बावरलेली असते. दुसऱ्या दिवसापासून हालचालीची दोन शिखरं दिसायला लागतील, एक सकाळचं एक संध्याकाळचं, मधे दुपारची झोप (हो, चिलटंही वामकुक्षी घेतात, पाच मिनिटं हालचाल नाही म्हणजे झोप असं सगळे धरतात). इथे एक गोष्ट बारकाईने बघा, दिवा लागायच्या आधीच काउंट वाढायला लागतात का? नुसती उजेडाने दचकली असती तर दिवा लागल्यावर उडी दिसली असती, पण ती आधीपासूनच तयारीत असते, म्हणजे आत काहीतरी वेळ मोजतंय.

पण एवढ्यावर घड्याळ आहे असं लिहू नका. उजेडाचा इशारा नसतानाही ऱ्हिदम टिकतो हे दाखवायचं असतं, त्यासाठी पुढचे किमान सात दिवस, जमल्यास दहा, सलग अंधार लागतो, आणि सगळा खेळ इथेच बिघडतो. आपल्याला जो अंधार वाटतो तो माशीला अंधार नसतो, एक लक्सच्या कितीतरी खालच्या उजेडावरही ती घड्याळ लावून घेते. मॉनिटरच्या लुकलुकणाऱ्या एलईडीवर काळी टेप लावा, इनक्युबेटरच्या डिस्प्लेवर लावा, दाराचं रबर तपासा. तपासायची सोपी पद्धत सांगतो, माश्या आत ठेवायच्या आधी फोन व्हिडिओ रेकॉर्डिंगवर टाकून, स्क्रीनला टेप मारून आत ठेवा, दार लावा आणि बाहेरून टॉर्च दाराच्या कडेकडेने सावकाश फिरवा. व्हिडिओत कुठेही चमक आली तर तिथे गळती आहे. चमक नाही आली तरी दारावर काळं कापड टाकाच, फोनचा कॅमेरा माशीच्या डोळ्याएवढा तिखट नाही. आणि प्रयोग सुरू झाला की दार उघडायचं नाही, कोण मेलंय बघायला तर अजिबात नाही, ते डेटात शून्य काउंटवरून कळतंच.

उजेडाइतकंच तापमान. रोज दोन-तीन डिग्रीचा चढउतार झाला तरी माशी त्यालाच दिवसरात्र समजते, त्यामुळे तापणारी ट्यूबलाइट काढून एलईडी लावा आणि आत डेटा लॉगर ठेवा. लाइट जाते त्या गावात यूपीएस नसेल तर हा प्रयोग सुरूच करू नका, दोन तास इनक्युबेटर बंद पडला तर आतलं तापमान कुठल्या कुठे जातं.

आता डेटा. अ‍ॅक्टोग्राम (रोजच्या हालचालीचा, एका दिवसाखाली दुसरा दिवस असा मांडलेला आलेख) डबल प्लॉट करा, म्हणजे एका ओळीत दोन दिवस. अंधारातली शिखरं रोज डावीकडे सरकत असतील तर घड्याळ 24 तासांपेक्षा छोटं, उजवीकडे सरकत असतील तर मोठं. रोज अर्धा तास डावीकडे म्हणजे साडेतेवीस तास. नॉर्मल माशी 24 च्या आसपास पण थोडी इकडेतिकडे येते, प्रत्येकीचं आपलं वेगळं. म्हणून सगळ्याच्या सगळ्या माश्या अगदी बरोब्बर 24.0 आल्या आणि शिखरं लॅब उघडायच्या वेळेला चिकटलेली दिसली तर पेढे वाटू नका, गळती शोधा.

पिरियड (इथे तो जीन नव्हे, घड्याळाच्या एका फेरीचे तास) काढायला काय-स्क्वेअर पिरिओडोग्राम ही पद्धत चालते, त्यासाठी अ‍ॅक्टोग्रामजे हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. त्यात फक्त अंधाराचे दिवस टाकायचे. उजेडाचे दिवस मिसळले की 24 चं खोटं शिखर येतंच, आणि व्हायवामध्ये एक्स्टर्नल पहिला प्रश्न तोच विचारतो. रिझल्टमध्ये सरासरी पिरियडसोबत किती माश्या ठेवल्या, किती जगल्या आणि जगलेल्यांपैकी किती टक्के ऱ्हिदमिक हे तिन्ही लिहा.

वेळ उरला तर लाइट पल्स करा. तीन-चार दिवसांच्या उजेड-अंधारानंतरच्या शेवटच्या रात्री एका गटाला झेडटी 15 ला दहा मिनिटं उजेड द्यायचा, दुसऱ्याला झेडटी 21 ला, तिसऱ्याला काहीच नाही, आणि मग सगळ्यांना अंधार. पहिल्या गटाचं घड्याळ मागे पडतं, दुसऱ्याचं पुढे सरकतं. उजेड तोच, दहा मिनिटंही तीच, फक्त रात्रीची वेळ वेगळी. पल्स न दिलेल्या गटालाही मॉनिटरसकट तेवढाच हलवा, नाहीतर फरक उजेडाचा की धक्क्याचा हे सांगता येणार नाही.