प्रोमो लागायच्या आत: बेळगाव, खानापूर, निपाणीच्या होतकरू नटांनी करून ठेवायची तयारी

मालिकेत काम मिळालं की बातमी गल्लीत आधी पोचते. प्रोमो लागला की निपाणीपासून खानापूरपर्यंत चेहरा ओळखीचा होतो, आणि पहिले पैसे खात्यात पडतात ते बहुतेक वेळा तीन-चार महिन्यांनी. शेवटी हेच उलट्या क्रमानं होतं. काम थांबतं, पैसा आटतो, ओळख मात्र तशीच राहते. प्रसिद्धीची किंमत म्हणतात ती मुख्यतः या दोन फटींमध्ये मोजावी लागते, आणि ती एकटा नट मोजत नाही, त्याचं घरही मोजतं. म्हणून खालची कामं लुक टेस्ट (भूमिकेच्या वेशभूषेत, मेकअपमध्ये कसे दिसता याची चाचणी) पास झाल्यापासून प्रोमो लागेपर्यंतच्या आठ-पंधरा दिवसांत उरकून घ्यायची. नंतर वेळही मिळत नाही आणि काही गोष्टी तर परत फिरवताच येत नाहीत.

आधी हिशोब

समजा, दिवसाचे ३,००० रुपये ठरले आणि जूनमध्ये १५ दिवस काम झालं. बिल झालं ४५,०००. त्यातून १० टक्के टीडीएस (पैसे देतानाच कापला जाणारा आयकर), म्हणजे ४,५००, निर्मितीसंस्था कापते. काम को-ऑर्डिनेटरकडून, म्हणजे भूमिका मिळवून देणाऱ्या मध्यस्थाकडून, आलं असेल आणि त्याचं कमिशन १५ टक्के ठरलं असेल तर आणखी ६,७५०. हातात उरले ३३,७५०. बिल जुलैच्या सुरुवातीला जातं. टीव्हीत ९० दिवसांची उधारी सर्रास चालते, म्हणजे जूनचे पैसे ऑक्टोबरच्या तोंडाला येणार. जून ते सप्टेंबर हे चार महिने स्वतःच्या खिशातून काढायचे. चौघांत मिळून घेतलेली खोली, डबा, लोकल आणि रिक्षा धरून महिन्याला २२,००० लागत असतील तर ८८,००० आणि खोलीच्या डिपॉझिटचा आपला वाटा ३०,०००, असे १,१८,००० रुपये निघण्याआधी बाजूला हवेत. आकडे आपापले घाला, पण चार महिने हा हिशोब बदलू नका. एवढी तजवीज नसेल तर ज्या मालिकांचं चित्रीकरण कोल्हापूर भागात चालतं तिथल्या ऑडिशन आधी द्या. बेळगावहून कोल्हापूर साधारण ११० किलोमीटर, खोलीचा खर्च निम्म्यावर येतो आणि सुटी मिळाली तर रात्रीचं जेवण घरी.

पॅन दिला नसेल किंवा आधारशी जोडलेला नसेल तर १० ऐवजी २० टक्के कापले जातात. कापलेले पैसे बुडत नाहीत, पण आयकराचं रिटर्न भरल्याशिवाय परतही येत नाहीत. वर्षाचं उत्पन्न करपात्र नाही म्हणून रिटर्न भरायचं नाही, ही नव्या नटांची नेहमीची चूक.

दिवसाच्या दरापेक्षा करारातल्या दोन ओळी महत्त्वाच्या: महिन्याला किमान किती दिवसांची हमी, आणि करार एक्सक्लुझिव्ह आहे का. हमी ८ दिवसांची आणि करार एक्सक्लुझिव्ह, असं असेल तर उरलेले २२ दिवस दुसरीकडे काम करायची मुभा नाही आणि पैसाही नाही. अशा करारावर आनंदाच्या भरात सही होते आणि मग रोज आरशासमोर मेकअपविना बसायची वेळ येते. करार घरी आणून वकिलाला दाखवायला दोन दिवस मागा. दोन दिवस मागितले म्हणून भूमिका जात नसते. जात असेल तर तो करार तसाही धोक्याचाच होता.

गाडीबद्दल एकच सांगतो. गावात लोक विचारणारच, ‘अजून बसनंच येतोस?’ ७ लाखांचं कर्ज, साडेनऊ टक्के, पाच वर्षं, म्हणजे महिन्याला साधारण १४,७०० रुपये. मालिका पाच वर्षं चालणार आहे का?

केस, मिशी, मेंदी

करारातला कंटिन्युइटीचा (प्रत्येक भागात पात्र सारखंच दिसण्याचा) मुद्दा वाचताना कुणालाच गंभीर वाटत नाही. मालिका चालू असेपर्यंत केस, दाढी-मिशी, वजन यांत निर्मितीसंस्थेला न विचारता बदल करायचा नाही, एवढंच लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ घरात मयत झाल्यावर कळतो. दहाव्याला मुलानं केस उतरवायचे की नाही, हे घाटावर उभं राहून फोनवर विचारावं लागतं, आणि भाऊबंद बघत असतात. बहिणीच्या लग्नाची मेंदीही तशीच: कोपरापर्यंत काढलेली मेंदी आठ-दहा दिवस दिसत राहते आणि मालिकेत तर तुम्ही सुतकात असता.

उपाय दोन. सही करतानाच ‘जवळच्या नातेवाइकाच्या निधनानंतरचे विधी’ हा अपवाद लिहून मागा, किमान ई-मेलवर होकार घ्या. विग, टोपी किंवा ट्रॅकमध्ये (मालिकेतल्या तुमच्या पात्राच्या कथानकात) आठ दिवसांची गैरहजेरी, यातलं काही ना काही लेखक आणि दिग्दर्शक करू शकतात, पण आधी कळलं तर. आणि घरातल्या ठरलेल्या लग्नांच्या, बारशांच्या तारखा चित्रीकरणाचं वेळापत्रक लावणाऱ्या शेड्युलरला पहिल्याच महिन्यात लिहून द्या. तोंडी सांगितलेली तारीख सेटवर कुणाच्या लक्षात राहत नाही. बेळगाव-मुंबई रात्रीचा प्रवास दहा-बारा तासांचा. त्यामुळे ‘एक दिवसाची सुटी’ म्हणजे शेड्युलमधून दोन दिवस जातात. सुटी मागताना दोन दिवसच मागा.

नंबर बदलू नका, वेगळा करा

शाळेपासूनचा मोबाइल नंबर अख्ख्या गावाकडे असतो आणि त्याच नंबरवर बँकेचे, आधारचे ओटीपी येतात. लोक घाईनं हाच नंबर बंद करतात आणि पुढं स्वतःच्याच बँक खात्यात शिरायला अडकतात. जुना नंबर बँक, आधार आणि घरासाठी ठेवा. कामासाठी नवं सिम घ्या, कास्टिंगला आणि पत्रकारांना तोच द्या. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो, लास्ट सीन आणि ग्रुपमध्ये कोण घालू शकतं, या तिन्ही ठिकाणी ‘माझे संपर्क’ निवडा. नाहीतर एका आठवड्यात चाळीस ग्रुपांत नाव लागतं. यूपीआय विसरू नका. नंबर टाकला की पूर्ण नाव दिसतं, आणि एक रुपया पाठवून त्यासोबत मजकूर लिहिणारे कमी नसतात. मोबाइल नंबर असलेला यूपीआय आयडी काढून शब्दांचा करून घ्या.

फोटोचा एक नियम: जिथं आहात तिथून स्टोरी टाकायची नाही, निघाल्यावर टाकायची. घराचा दरवाजा, गल्लीची पाटी, गाडीचा नंबर, धाकट्या भावंडाचा शाळेचा गणवेश हे जुन्या पोस्टमधूनही काढून टाका. मुलींनी हे प्रोमोच्या आधी करायलाच हवं. नको म्हटल्यावरही कुणी सतत संपर्क करत असेल, पाळत ठेवत असेल तर तो भारतीय न्याय संहितेनुसार गुन्हा आहे. तुम्ही मुंबईत आणि त्रास देणारा बेळगावात असला तरी हद्दीवरून तक्रार नाकारता येत नाही. कुठल्याही ठाण्यात झिरो एफआयआर, म्हणजे हद्द न बघता घेतलेली फिर्याद, नोंदवता येतो. चेहरा चिकटवून बनवलेला फोटो किंवा व्हिडिओ फिरू लागला तर आधी लिंकसह स्क्रीनशॉट आणि वेळ जपून ठेवा, मग जिल्ह्याच्या सायबर पोलीस ठाण्यात जा. संतापानं आधी डिलीट करायला लावलं की पुरावाही जातो. आर्थिक फसवणूक असेल तर १९३० या हेल्पलाइनला फोन करा. ‘रजिस्ट्रेशन फी’ मागणारं कास्टिंग हा त्यातला सगळ्यात जुना प्रकार आहे.

घर, जत्रा आणि फ्लेक्स

आपल्याकडच्या गावांत महालक्ष्मीची यात्रा कित्येक वर्षांनी एकदा भरते. घरटी वर्गणी ठरते, माहेरवाशिणी येतात, पै-पाहुण्यांनी घर भरतं. टीव्हीवर दिसणाऱ्या घराकडून पावती मोठी फाडायची अपेक्षा असते, आणि ती तुमच्याकडे नाही, थेट वडिलांकडे मागितली जाते. ‘पोरगा एवढा मोठा झाला’ म्हटल्यावर वडिलांना नाही म्हणता येत नाही. ते पतसंस्थेतून काढून देतात आणि तुम्हाला सांगतही नाहीत. म्हणून वर्षाचा एक आकडा घरात आधीच ठरवा, समजा १०,०००, आणि त्यातच यात्रा, गणेशोत्सव, कुस्त्यांचं मैदान सगळं बसवा. आईवडिलांना एक वाक्य द्या: ‘त्याचा व्यवहार तोच बघतो, त्यालाच विचारा.’ हे वाक्य त्यांचं रक्षण करतं, तुमचं नव्हे.

गणपतीत पाच मंडळं एकाच संध्याकाळी आरतीला बोलावतील. आपल्या गल्लीच्या मंडळाला जा, बाकीच्यांना एकच उत्तर द्या. चार ठिकाणी जाऊन पाचवं सुटलं तर बोलणी पाचव्याचीच लक्षात राहतात. दुकानाच्या उद्घाटनाला जाण्याआधी वाहिनीची परवानगी लागते, बहुतेक करारांत तसं असतं. कापडाच्या दुकानात मित्र म्हणून काढलेला फोटो दुसऱ्या दिवशी जाहिरात होऊन बेळगावच्या खडे बाजारात लागला तर खुलासा तुम्हालाच करावा लागतो.

आणि सीमाभागातल्या नटाच्या वाट्याला एक प्रश्न हमखास येतो, जो साताऱ्याच्या नटाला कुणी विचारत नाही. १ नोव्हेंबरला कर्नाटक राज्योत्सव असतो, त्याच दिवशी महाराष्ट्र एकीकरण समिती काळा दिन पाळते, आणि दोन्हीकडच्या कॅमेऱ्यांना ओळखीचा चेहरा हवा असतो. मत काय असावं ते तुमचं तुम्ही ठरवा. पण ते चालत्या गाडीत, समोर धरलेल्या माइकवर ठरवू नका. काय बोलायचं ते शांतपणे घरी लिहा, वडीलधाऱ्यांना वाचून दाखवा, आणि दर वेळी तेवढंच बोला. तुम्ही परत मुंबईला जाता, दगड पडला तर काच घराची फुटते. कार्यक्रमाला हो म्हणण्याआधी पत्रिका आणि फ्लेक्सचा मसुदा दोन्ही मागवून घ्या. आपला फोटो कुणाशेजारी, कुठल्या घोषणेखाली आहे ते आधीच दिसतं. कन्नड मालिकेतून बोलावणं आलं तर त्याचीही माहिती घरी आधी द्या. शेजाऱ्याकडून कळलं की त्याचा विनाकारण वाद होतो.

बोली

‘काय करूलालास?’ म्हणणाऱ्या मुलाला सेटवर पहिल्याच दिवशी ‘टोन काढ’ म्हणून सांगतात, किंवा उलट, टोन आवडला म्हणून पुढची तीन वर्षं गाववाल्या गड्याच्याच भूमिका देतात. दोन्ही टाळायचं तर रोज दहा मिनिटं एकच उतारा प्रमाण मराठीत आणि आपल्या बोलीत, असा दोनदा मोठ्यानं वाचून रेकॉर्ड करा. ऐकताना शब्दांपेक्षा वाक्याच्या शेवटाकडे लक्ष द्या. आपला हेल तिथंच चढतो. घरच्या फोनवर मात्र बोली सोडायची नाही. आईला ‘तू साहेबासारखा बोलतोस’ असं वाटू लागलं की ती कमी बोलू लागते.

मूल पडद्यावर असेल तर

इथं निर्णय पालकांचा आणि जबाबदारीही. २०१७ च्या नियमांनुसार बालकलाकाराकडून दिवसात ५ तासांपेक्षा जास्त आणि सलग ३ तासांपेक्षा जास्त काम घेता येत नाही. सलग २७ दिवसांपेक्षा जास्त काम घेण्यावरही बंदी आहे. जिथं चित्रीकरण आहे तिथल्या जिल्हादंडाधिकाऱ्यांची परवानगी निर्मात्यानं घ्यायची असते, आणि कमाईतले किमान २० टक्के मुलाच्या नावे राष्ट्रीयीकृत बँकेत मुदतठेवीत जायला हवेत. पहिल्याच दिवशी परवानगीची प्रत मागा. ‘नंतर देतो’ म्हटलं तर मूल गाडीतून उतरवू नका. शाळेत वर्गशिक्षकांना भेटून सांगा की कार्यक्रमात सूत्रसंचालनाला यालाच उभं करू नका. वर्गात ते मूलच राहायला हवं.

कॉमेंट आणि झोप

बारा तासांची शिफ्ट, मेकअप आणि प्रवास धरून पंधरा तास. त्यानंतर अंथरुणात प्रोमोखालच्या कॉमेंट वाचणं हे ठरवून स्वतःला चिमटे काढणं आहे. खलनायिकेला पडणाऱ्या शिव्या पात्राला असतात हे दिवसा पटतं, रात्री दोनला पटत नाही. अकाउंटचा पासवर्ड विश्वासू भावंडाकडे द्या, धमकी आणि कामाचे निरोप तेवढे त्यानं सांगायचे. दोन आठवडे झोप, जेवण बिघडलेलं असेल, किंवा जगणंच नको असं मनात यायला लागलं, तर थांबू नका. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं आणि कन्नडमध्येही.

ट्रॅक संपल्यावर

ट्रॅक संपल्याचं कधीकधी आठवडाभर आधी कळतं, कधी त्याच दिवशीच्या कॉल शीटवरून (त्या दिवशी कुणी, किती वाजता यायचं याच्या यादीवरून). त्या दिवसापासून लोक तुम्हाला पात्राच्याच नावानं हाक मारत राहणार आणि ‘आता कशात दिसणार?’ विचारणार. त्यामुळं अनेकजण वर्षभर मुंबईत खोलीचं भाडं भरत बसतात, कारण बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत पुन्हा कामाला जाताना कुणी पाहील ही लाज वाटते. हा खर्च टाळायचा तर परतीची तारीख सुरुवातीलाच ठरवलेली बरी: अमुक महिने काम नाही मिळालं तर खोली सोडायची, ऑडिशन घरून व्हिडिओवर पाठवायच्या. पदवीचं शेवटचं सेमिस्टर राहिलं असेल तर मालिकेआधीच परीक्षा द्या. नंतर परीक्षाकेंद्रावर सेल्फीवाल्यांतून वाट काढत जाण्याचं बळ राहत नाही.

सुरुवातीला ज्या ९० दिवसांनी जेरीस आणलं तेच इथं उपयोगाला येतात. चित्रीकरण थांबल्यावरही तीन महिने मागची बिलं जमा होत राहतात. मात्र ती आपोआप येत नाहीत. मालिका बंद पडली की निर्मितीसंस्थेचं तात्पुरतं ऑफिस उठतं, अकाउंटंट दुसऱ्या प्रकल्पावर जातो. म्हणून शेवटच्या दिवशी सेटवरून निघताना मागच्या तीन महिन्यांच्या कामाच्या दिवसांवर प्रॉडक्शनवाल्याची सही, प्रत्येक बिलाची प्रत आणि अकाउंटंटचा वैयक्तिक नंबर घेऊनच निघा, आणि दर महिन्याच्या ५ तारखेला त्याला एक ई-मेल टाका.