पानांवरून झाडे ओळखण्याच्या तासाची तयारी

आठवडाभर आधी एकट्याने फेरी मारून झाडे नक्की करावीत. आठ-दहा पुरेत, वीस दाखवली तर मुलांच्या लक्षात एकही धड राहत नाही. फसवणाऱ्या जोड्या मुद्दाम निवडाव्यात. आपटा आणि कांचन, दोघांचीही पाने दोन पाळ्यांची. सावर आणि सप्तपर्णी, दोन्हीकडे पंजा दिसतो. पण सावरीचा पंजा म्हणजे लांब देठावरचे एकच संयुक्त पान (पर्णिका नावाच्या, पानासारख्याच दिसणाऱ्या अनेक भागांचे मिळून झालेले), तर सप्तपर्णीची पाने स्वतंत्र असून एकाच पेरातून गोलाकार निघतात.

म्हणूनच माझा आग्रह असतो की तयारीत सुटी पाने नकोत, छोट्या डहाळ्या हव्यात. पाने समोरासमोर आहेत की एकाआड एक, हे गळलेल्या पानावरून कळतच नाही. शिवाय पान फांदीला जुळते त्या बेचक्यात कळी असते, पर्णिकेच्या तळाशी नसते. बहुतेक मुले कडुनिंबाच्या पर्णिकेलाच पान समजतात. बोट मागे मागे नेत त्यांना ती कळी स्वतः शोधू द्यावी, उत्तर सांगण्याची घाई करू नये. इथे अर्धा तास गेला तरी चालेल. या वयात नावे पाठ होण्यापेक्षा नजर तयार होणे मला फार मोलाचे वाटते.

प्रत्येक झाडाच्या दोन-तीन डहाळ्या घ्याव्यात, एक उन्हातली, एक सावलीतली. सावलीतली पाने बहुधा मोठी आणि पातळ असतात, त्यामुळे आकारमानावर विसंबायचे नाही हे मुलांना आपोआप कळते. पाने पूर्ण वाढलेली असावीत. कोवळ्या पालवीचा रंग आणि पोत दिशाभूल करतो.

गटागणिक एक भिंग, वही, मेणाचे खडू. ठसा घेताना पानाची मागची बाजू वर ठेवावी, शिरा तिकडे उठून दिसतात.

ओळखीची किल्ली, म्हणजे झाडाच्या नावापर्यंत नेणारी प्रश्नांची साखळी, स्वतःच्याच झाडांवरून बनवावी: साधे की संयुक्त, कडा अखंड की दंतुर, चीक येतो की नाही. प्रत्येक प्रश्नाला दोनच पर्याय. ती आधी झाडे न ओळखणाऱ्या एखाद्या सहकाऱ्याला वापरायला द्यावी आणि तो जिथे अडेल तो प्रश्न बदलावा.

कण्हेर, रुई, थोर वाटेत असतील तर ती निघण्यापूर्वीच दाखवावीत. त्यांना हात लावायचा नाही, कुठलेही पान चाखायचे नाही, आणि चीक लागलेला हात डोळ्याला न्यायचा नाही. हात धुण्यासाठी पाणी आणि साबण सोबत असू द्यावा.