नेटवर्क टेस्टचे शेल हेल्पर रिव्ह्यू करताना या चुका टाळा

लिनक्स कर्नलच्या (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) नेटवर्क सेल्फटेस्टमधल्या (कर्नलच्या कोडसोबतच येणाऱ्या चाचण्या) कितीतरी स्क्रिप्ट एकाच 'लिब.एसएच' फाइलवर उभ्या आहेत. तिथल्या हेल्परमध्ये, म्हणजे सगळ्या टेस्टनी वापरायच्या छोट्या फंक्शनमध्ये, घोळ झाला की तो वापरणारी प्रत्येक टेस्ट बिघडते. सांगली-साताऱ्यात इंजिनिअरिंग करणाऱ्या ज्यांना कर्नलच्या कामात शिरायचंय, त्यांना मी सुरुवातीला हेच रिव्ह्यू सुचवेन. महागडं नेटवर्क कार्ड लागत नाही, नेमस्पेस (एकाच मशीनमधलं वेगळं नेटवर्क) आणि व्हेथची जोडी (आभासी केबलची दोन टोकं) साध्या लॅपटॉपवर उभी राहते.

सगळ्यात घातक चूक म्हणजे एक्झिट कोड (कमांड यशस्वी, म्हणजे 0, की फेल हे सांगणारा आकडा) गिळणं. ही ओळ पाहा:

लोकल आउट=$(पिंग ...)

पिंग फेल झाला तरी पुढच्या ओळीत $? (आधीच्या कमांडचा एक्झिट कोड) शून्यच येतो, कारण तो 'लोकल'चा असतो, पिंगचा नव्हे. 'सेट -ई' (कमांड फेल होताच स्क्रिप्ट थांबवणारा पर्याय) लावूनही हे पकडलं जात नाही. आधी व्हेरिएबल जाहीर करा, मग वेगळ्या ओळीत किंमत भरा. पाइप करून 'टी'कडे (आउटपुट दाखवून फाइलमध्येही लिहिणारी कमांड) आउटपुट दिलं की तोच प्रकार. तिथे 'पाइपफेल' हवं, म्हणजे पाइपमधली आधीची कमांड फेल झालेली कळते. रिव्ह्यूमध्ये मी आधी हेच शोधतो, कारण खोटी पास झालेली टेस्ट पुन्हा कुणी उघडून बघत नाही.

दुसरी चूक, 'स्लीप 1', म्हणजे नुसतं एक सेकंद थांबणं. लिहिणाऱ्याच्या नव्या मशीनवर ते पुरतं. विश्रामबागेतल्या खोलीवरच्या जुन्या लॅपटॉपवर, तेही केसॅन (मेमरीच्या चुका पकडणारं, पण कर्नल हळू करणारं साधन) लावलेल्या कर्नलवर, पुरेलच असं नाही. मग टेस्ट कधी पास, कधी फेल. त्याऐवजी 'लिब.एसएच'मधलं 'बिझीवेट' वापरायला सांगा. ते अट पूर्ण होईपर्यंत थांबतं, मुदत मिलिसेकंदांत घेतं. आयपीव्ही6 चा पत्ताही लावल्या लावल्या वापरता येत नाही. तो दुसऱ्या कुणाकडे नाही ना, हे कर्नल आधी तपासतं आणि त्यात साधारण सेकंदभर जातो. टेस्टचा विषय तो नसेल तर पत्ता 'नोडॅड' (ही तपासणी वगळणारा पर्याय) लावून द्या.

नेमस्पेसला 'एनएस1' असं ठरावीक नाव नको, 'लिब.एसएच'मधलं 'सेटअप_एनएस' वेगळं नाव काढून देतं. साफसफाईचा 'ट्रॅप' (स्क्रिप्ट संपताना आपोआप चालणारी कमांड) नेमस्पेस बनवायच्या आधी लावलेला हवा, नाहीतर मध्येच स्क्रिप्ट पडली की कचरा मागे राहतो. लागणारं टूल मशीनवर नसेल तर एक्झिट कोड 4, म्हणजे स्किप. तिथे 0 दिला की टेस्ट पास धरली जाते.

नुसतं वाचून रिव्ह्यू संपवू नका. व्हेथचं एक टोक मुद्दाम डाउन करा आणि टेस्ट चालवा. तरीही 'ओके' छापलं गेलं तर पॅच (रिव्ह्यूला आलेला बदल) परत पाठवा.