पावलीने वाजवायची गिटार

क्वीन या ब्रिटिश रॉक बँडचा गिटारवादक ब्रायन मे याच्यासारखा सोलोचा आवाज हवा असेल तर आधी ते डिस्टॉर्शन पेडल (आवाज फाडणारं, पायाने दाबायचं यंत्र) काढून कपाटात टाका. मी दोन वर्षं तेच दाबत बसलो होतो. ऐकू काय यायचं, तर पिठाची गिरणी.

मेची फाटलेली धार ॲम्पमधून, म्हणजे ॲम्प्लिफायरमधून येते. व्हॉक्स एसी ३०, नॉर्मल चॅनेल, व्हॉल्यूम पूर्ण. पण एवढं ताणलं की खर्जाचा चिखल होतो. म्हणून गिटार आणि ॲम्पच्या मध्ये ट्रेबल बूस्टर, म्हणजे वरचे सूर जोरात करणारी डबी. ही युक्ती त्याने आयरिश गिटारवादक रोरी गॅलेगरकडून उचलली. बूस्टर खर्ज आधीच छाटतो, मग फाटतो तो फक्त मधला-वरचा भाग आणि सूर गातो. फ्लॅटमध्ये हे खरं करून बघितलंत तर सोसायटीची मीटिंग तुमच्यावरच बसेल. मी लॅपटॉपवर याच ॲम्पचं मॉडेल लावतो, पुढे बूस्टर, कानाला हेडफोन. रिव्हर्ब (घुमारा) चिमूटभर. कॉर्ड वाजवताना गिटारचाच व्हॉल्यूम ४ वर आणायचा, सोलोला १०. पेडल बदलत बसायचं नाही.

मेची गिटार घरची. १९६३ पासून वडिलांबरोबर बनवली, तिची मान जुन्या फायरप्लेसच्या लाकडाची. तिचे तीन सिंगल कॉइल पिकअप (तारांची कंपनं पकडणारी चुंबकी गुंडाळी) सिरीजमध्ये, म्हणजे एकामागे एक जोडलेले आहेत. आपल्या स्ट्रॅटमध्ये (फेंडर स्ट्रॅटोकास्टर गिटारमध्ये) ते पॅरलल, म्हणजे शेजारी-शेजारी असतात, म्हणून आवाज बारीक. ब्रिजचा आणि मधला सिरीजमध्ये जोडून घ्या. मी स्वतःच सोल्डरिंगला बसलो आणि एकाच्या वायरी उलट लावल्या. दोन्ही एकत्र चालू केले तर गिटार सर्दी झाल्यासारखी नाकात बोलायला लागली. नंतर कळलं, मेने मुद्दाम असा आवाज काढता यावा म्हणून प्रत्येक पिकअपला वेगळा फेज स्विच (वायरी उलटवणारं बटण) दिलाय! मग मीही एक बसवला.

आता पिक, म्हणजे तार छेडायची चकती. मे वाजवतो सिक्सपेन्सच्या जुन्या ब्रिटिश नाण्याने: तांबं-निकेलचं, साधारण १९.४ मिलिमीटर, कडेला दाते. आपली जुनी २५ पैशांची पावली बघा, १९ मिलिमीटर, कडेला तसेच दाते. २०११ मध्ये ती चलनातून गेली, पण आईच्या देवघरातल्या डबीत मला चार सापडल्या. चुंबक लावा. चिकटली नाही ती तांबं-निकेलची, तीच घ्या.

अंगठा आणि वाकवलेली तर्जनी यांत सैल धरा, पडेल की काय वाटावं इतकी. कड तारेला समांतर ठेवली तर सूर गुळगुळीत लागतो. जरा तिरकी केली की दाते तारेवरून घासतात आणि प्रत्येक सुराच्या आधी एक बारीक ‘खर्र’ येतं, ‘क’ उच्चारताना घशात येतं तसं. प्लॅस्टिकच्या पिकने मला ते कधीच जमलं नाही. ०.००९ इंचाच्या पातळ तारा लावा. मात्र जाड तारांचं वेटोळं या दात्यांनी झिजतं, पिकअपवर राखाडी भुकटी साचते. मी ती जुन्या टूथब्रशने झाडतो.