सजग आहाराची प्रश्नावली मराठीत आणताना

आहारशास्त्राच्या पदव्युत्तर प्रबंधासाठी परदेशी प्रश्नावली मराठीत आणू पाहणारे विद्यार्थी सर्वांत आधी चांगल्या अनुवादकाची चौकशी करतात. सांगली जिल्ह्यात हे काम केल्यानंतर माझे मत असे झाले आहे की, त्याआधी मूळ प्रश्नावलीतील प्रत्येक विधान नेमके काय मोजते हे स्वतःच्या शब्दांत लिहून काढावे. त्याला पुरेसा वेळ द्यावा, कारण पुढचे बहुतेक निर्णय त्या टिपणाच्या आधारेच घ्यावे लागतात.

मी निवडलेली प्रश्नावली सजग आहार, म्हणजे काय, किती आणि का खातो याचे भान ठेवून खाणे, मोजते आणि ती अमेरिकेत २००९ मध्ये प्रसिद्ध झाली. फ्रॅमसन आणि सहकाऱ्यांनी तयार केलेल्या या प्रश्नावलीत २८ विधाने असून त्यांचे पाच उपघटक आहेत: पोट भरल्यानंतरही खाणे न थांबणे, अन्नाचा रंग, वास, चव यांचे भान, बाहेरून मिळणारी प्रलोभने, भावनेच्या भरात खाणे आणि जेवताना लक्ष विचलित होणे. तिचा उपयोग करण्यापूर्वी मूळ लेखकांची लेखी परवानगी घ्यावी आणि नैतिकता समितीकडे अर्ज करताना ते पत्र सोबत जोडावे.

पद्धतीसाठी बीटन आणि सहकाऱ्यांची २००० सालची मार्गदर्शक तत्त्वे वापरली जातात. दोन स्वतंत्र अनुवाद, त्यांचा एकत्रित मसुदा, मूळ प्रश्नावली न पाहिलेल्या दोघांकडून उलट अनुवाद (मराठी मसुदा पुन्हा इंग्रजीत आणणे), तज्ज्ञ समिती आणि शेवटी ३० ते ४० व्यक्तींवर पूर्वचाचणी असा तो क्रम आहे. उलट अनुवाद करणाऱ्यांची मातृभाषा इंग्रजी असावी, ही त्यातील अपेक्षा आपल्याकडे पूर्ण होणे कठीण असते. अशा वेळी इंग्रजीवर उत्तम प्रभुत्व असलेली, परंतु आहारशास्त्राशी संबंध नसलेली व्यक्ती निवडावी आणि प्रबंधात तसे स्पष्ट नमूद करावे.

समितीत सर्वाधिक चर्चा झाली ती बुफेच्या विधानावर. हवे तितके खाता येते अशा ठिकाणी माझ्याकडून जास्त खाल्ले जाते, असा त्याचा आशय आहे. आपल्याकडे जास्त खाण्याचा प्रसंग म्हणजे लग्नातली पंगत, म्हणून बुफेऐवजी पंगत घ्यावी अशी सूचना आली आणि ती प्रथमदर्शनी सर्वांना पटली. परंतु पंगतीत वाढपी असतो, यजमान आग्रह करतात, आणि पानात वाढलेले टाकू नये हा संस्कारही असतो. तेथे जास्त खाणारी व्यक्ती स्वतःला आवरू शकत नाही म्हणून खाते की समोरच्याचे मन मोडवत नाही म्हणून, हे उत्तरावरून कळत नाही. सांगली-मिरजेच्या मंगल कार्यालयांतून बुफे आता परिचित झालेला असल्याने आम्ही तो शब्द ठेवला आणि जेथे तो अपरिचित असेल त्या गावांसाठी ‘स्वतःच्या हाताने हवे तेवढे वाढून घेता येते तेव्हा’ असे स्पष्टीकरण जोडले.

या उलट, नकळत काहीबाही खात राहण्याच्या विधानाला भडंगाचे उदाहरण दिल्याबरोबर लोकांना ते पटकन समजले. टीव्हीसमोर परात कधी रिकामी होते ते कळत नाही, असे अनेकांनी आपणहून सांगितले.

पूर्वचाचणीत केवळ खुणा करून घेऊ नयेत. प्रत्येक विधानानंतर ‘हे वाचून तुमच्या मनात काय आले?’ असे विचारावे आणि उत्तर त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यावे. मूळ प्रश्नावलीत, उरलेला पदार्थ आवडीचा असेल तर पोट भरलेले असूनही मी तो पुन्हा घेते, अशा आशयाचे एक विधान आहे. तासगाव भागातील एका मावशींनी त्यावर ‘नेहमी’ अशी खूण केली. कारण विचारल्यावर त्या म्हणाल्या, “अगं, पोरांच्या ताटातलं टाकायचं कुठं? शेवटाला मीच खाते की.” त्यांच्या उत्तरात आवडीचा प्रश्नच नव्हता, तरीही गुणांकनात त्यांची नोंद स्वतःला न आवरणाऱ्या व्यक्ती म्हणून झाली असती. घरात सर्वांत शेवटी जेवणाऱ्या अनेक स्त्रियांकडून असेच उत्तर येत राहिल्याने आम्ही ‘केवळ मला आवडतो म्हणून’ हे शब्द विधानाच्या सुरुवातीला आणले. मूळ अर्थ तोच राहिला आणि नव्या मुलाखतींत तो नीट पोहोचला. नवख्या संशोधकाने या टप्प्यावर घाई मुळीच करू नये, असे मी आग्रहाने सांगेन.

नकारार्थी विधाने आणि ‘कधीच नाही’ हा पर्याय एकत्र आले की उत्तर देणारा गोंधळतो, म्हणून अशी विधाने मोठ्याने वाचून दाखवून तपासावीत. त्यांचे गुण उलटे मोजायचे असल्यास तशी नोंद आधीच करून ठेवावी.

सांख्यिकीबद्दल थोडेच सांगते. प्रत्येक विधानामागे दहा व्यक्ती या प्रचलित ठोकताळ्याने २८ विधानांना २८० जण लागतात. क्रोनबाख अल्फा, म्हणजे एका उपघटकातील विधानांची उत्तरे परस्परांशी किती सुसंगत आहेत हे सांगणारा आकडा, प्रत्येक उपघटकासाठी स्वतंत्र काढावा आणि मराठीत पाच उपघटक तसेच राहतात का, हे घटक विश्लेषणाने, म्हणजे कोणती विधाने एका गटात येतात हे उत्तरांवरून शोधणाऱ्या सांख्यिकी पद्धतीने, तपासावे. ते तसे न राहिल्यास आकडे ओढूनताणून जुळवू नयेत.

उत्तरे स्थिर राहतात का हे पाहण्यासाठी तीच प्रश्नावली त्याच व्यक्तींना साधारण दोन आठवड्यांनी पुन्हा भरायला देताना मात्र पंचांग समोर ठेवावे. पहिली फेरी आषाढात आणि दुसरी श्रावणात झाली, तर उपवासांमुळे खाण्याची रीतच बदललेली असते आणि गुणांतील फरक प्रश्नावलीच्या अविश्वसनीयतेमुळे आहे की सोमवार-शनिवारच्या उपवासांमुळे, हे ठरवता येत नाही. द्राक्षांच्या विरळणीच्या दिवसांत मजूर स्त्रिया दिवसभर बागेत असतात, तेव्हा त्या भागात दोन्ही फेऱ्या त्या कामाच्या आधी पूर्ण होतील असे वेळापत्रक मार्गदर्शकांकडून सुरुवातीलाच मान्य करून घ्यावे.