लांबच्या विमानप्रवासाचा हिशेब करताना या चुका टाळा

सगळ्यात महागात पडते ती तारखेची चूक. मुंबईहून परदेशी जाणारी बरीच विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात. तिकिटावर १५ तारीख आणि ००:४० अशी वेळ असेल, तर १४ च्या रात्री नऊ-साडेनऊलाच विमानतळावर हजर पाहिजे. १४ च्या रात्री कोल्हापुरातून महालक्ष्मी एक्स्प्रेस पकडलीत, तर मुंबई येईल १५ ला सकाळी, आणि विमान केव्हाच गेलेलं असेल. घर सोडायचं ते १३ च्या रात्री, फार तर १४ ला पहाटे.

दुसरी चूक सुटण्या-पोचण्याच्या वेळांची थेट वजाबाकी करण्याची. तिकिटावरची प्रत्येक वेळ त्या त्या गावची असते. हिवाळ्यात मुंबईहून रात्री २ ला निघून लंडनला सकाळी ७ ला पोचलात, तर प्रवास पाच तासांचा झाला नाही. लंडन तेव्हा आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असतं, म्हणून प्रवास साडेदहा तासांचा. उन्हाळ्यात तिथली घड्याळं तासभर पुढे करतात, फरक साडेचार तासांवर येतो. आधी दोन्ही वेळा भारतीय वेळेत लिहून काढा, मगच वजाबाकी करा.

आता अंतर. मुंबई ते न्यूयॉर्क सुमारे १२,५०० किलोमीटर. तेच मैलांत ७,८०० च्या आसपास आणि नॉटिकल मैलांत ६,७५०, म्हणून आकड्यापुढचं एकक आधी बघा. ताशी ९०० किलोमीटरने भागलं की चौदा तास येतात, पण वेळापत्रकात पंधरा-सोळा दिसतात. कारण मोजलेलं अंतर गोल पृथ्वीवरचं सर्वांत जवळचं असतं. सपाट नकाशावर पट्टी ठेवून ते कळत नाही, कारण हा मार्ग उत्तरेकडून, रशिया-ग्रीनलंडच्या बाजूने वळतो. प्रत्यक्षात बंद हवाई हद्दी टाळून वळसा घ्यावा लागतो. एप्रिल २०२५ पासून पाकिस्तानने भारतीय विमानांना हद्द बंद केल्यावर पश्चिमेकडचे प्रवास लांबले ते यामुळेच. शिवाय उंचावरचे जोरदार वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात, त्यामुळे जाताना वेळ जास्त लागतो आणि येताना कमी.

कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळावरून मुंबईचं विमान आणि पुढचं परदेशी विमान वेगवेगळ्या तिकिटांवर घेणं मला तरी धोक्याचं वाटतं. पहिलं उशिरा आलं तर दुसऱ्या कंपनीवर तुमची जबाबदारी नसते, आणि सामानही सहसा मुंबईत काढून पुन्हा द्यावं लागतं. एकाच तिकिटावर जमत नसेल तर आदल्या दिवशीच मुंबई गाठा.

कोल्हापूरहून मुंबईला रस्त्याने जाणार असाल तर पावणेचारशे किलोमीटरला सहा-सात तास हा हिशेब पावसाळ्यात धरू नका. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात कोल्हापूरजवळ शिरोलीला पंचगंगा नदीचं पाणी येऊन महामार्ग काही दिवस बंद होता. जुलै-ऑगस्टचं तिकीट असेल तर पंचगंगेची पातळी बघत राहा आणि पाणी चढायला लागलं की दोन दिवस आधीच निघा.