नाशिकमध्ये बातम्यांचा डिजिटल उपक्रम सुरू करताना महिलांनी पैसा कसा उभारावा

पोर्टलचं नाव, लोगो, यूट्यूब चॅनेल ठरवण्याआधी उपक्रम कायद्याने कोणत्या स्वरूपात चालवायचा ते ठरवा. पुढे कुठला पैसा घेता येईल आणि कुठला नाही, हे त्यावर अवलंबून असतं. पैसे यायची वेळ आल्यावर स्वरूप बदलायला गेलं की महिने जातात, सीएची फी वेगळीच.

एकटीने सुरुवात करायची तर प्रोप्रायटरशिप, म्हणजे एकल मालकी, सोपी. आधार आणि पॅनवर उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) होते, ती पूर्ण मोफत आहे; कुणी एजंट पैसे मागत असेल तर देऊ नका. मुद्रा कर्ज (लहान उद्योगांना बँकेचं विनातारण कर्ज) आणि पीएमईजीपी (नव्या उपक्रमाला बँक कर्जासोबत अनुदान देणारी केंद्राची योजना) दोन्हीसाठी एवढं पुरतं. मात्र केंद्राच्या स्टार्टअप इंडियाची मान्यता प्रोप्रायटरशिपला मिळत नाही; ती प्रायव्हेट लिमिटेड, एलएलपी (मर्यादित दायित्वाची भागीदारी) किंवा नोंदणीकृत भागीदारीला मिळते, आणि ती नसेल तर राज्याच्या पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर महिला स्टार्टअप योजनेत अर्ज करता येत नाही. या योजनेत उलाढालीनुसार १ ते २५ लाख रुपये एकदाच मिळतात. अटी अशा: महिलांचा हिस्सा किमान ५१ टक्के, काम सुरू होऊन एक वर्ष झालेलं, वार्षिक उलाढाल १० लाख ते १ कोटी. म्हणजे पहिल्या वर्षी हिच्याकडे बघूच नका, पण पहिल्या दिवसापासून बिलं आणि बँक व्यवहार असे ठेवा की ही उलाढाल कागदावर दाखवता येईल. राज्याच्या दुसऱ्या योजनेतून अनुदान घेतलं असेल तर इथली पात्रता जाते, तेव्हा आधी हाती येणाऱ्या लहान अनुदानावर सही करताना हे लक्षात असू द्या.

ना-नफा तत्त्वावर काम करायचं असेल तर कंपनी कायद्याच्या कलम ८ ची कंपनी. तिला देणग्या आणि सीएसआर (कंपन्यांचा सामाजिक कामांसाठीचा निधी) घेता येतो, नफा वाटता येत नाही. सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतीतल्या कंपन्यांकडे सीएसआरसाठी जायचं तर सीएसआर-१ हा सरकारी नोंदणीचा अर्ज भरलेला हवा. ‘आमच्या पोर्टलला मदत करा’ असा प्रस्ताव बहुतेक परत येतो, कारण सीएसआरचे विषय ठरवणाऱ्या कंपनी कायद्याच्या सातव्या परिशिष्टात पत्रकारिता हा विषयच नाही. शिक्षण आणि स्त्री-पुरुष समानता आहेत. म्हणून सुरगाणा-पेठच्या मुलींना मोबाइल पत्रकारितेचं प्रशिक्षण, असा नेमका कार्यक्रम मांडा. निधी देणाऱ्या कंपनीला बातम्यांत हस्तक्षेप करता येणार नाही, हे करारातच लिहून घ्या. उद्या त्याच कंपनीच्या सांडपाण्याची बातमी करावी लागली तर हेच कलम तुम्हाला वाचवेल.

परदेशी अनुदानाबाबत सगळ्यात जास्त गफलत होते. इंटरनेटवर महिला पत्रकारांसाठी कितीतरी परदेशी निधी दिसतात, अर्ज सोपे असतात, निवडही होते. पण परदेशी देणग्यांवर नियंत्रण ठेवणाऱ्या एफसीआरए कायद्याचं कलम ३ ऑडिओ किंवा व्हिडिओ बातम्या इलेक्ट्रॉनिक माध्यमातून देणाऱ्या कंपनीला, तिच्या मालकिणीला आणि संपादकाला परदेशी देणगी घ्यायला मनाई करतं. पैसे खात्यात आल्यावर ‘माहीत नव्हतं’ म्हणून सुटका होत नाही. केलेल्या कामाचं रीतसर मानधन ही वेगळी बाब आहे. लेख किंवा व्हिडिओचा करार, बीजक आणि सीएचा लेखी सल्ला जवळ ठेवूनच ते घ्या. डिजिटल बातम्यांत परदेशी गुंतवणूकही सरकारी परवानगीनेच, आणि २६ टक्क्यांपर्यंतच. देशातल्या देशात बंगळुरूचं इंडिपेंडंट अँड पब्लिक-स्पिरिटेड मीडिया फाउंडेशन माध्यमांना अनुदान देतं. तिथे अर्ज करताना प्रकाशित कामच तुमची बाजू मांडतं, तेव्हा आधी काही महिने नियमित प्रसिद्ध करत राहा.

आता कर्ज. पीएमईजीपी फक्त नव्या उपक्रमाला आहे, म्हणून काम सुरू करण्याआधी ऑनलाइन अर्ज करा आणि जिल्हा उद्योग केंद्रात पाठपुरावा ठेवा. समजा प्रकल्प ५ लाखांचा आहे. महिलेला स्वतःचे ५ टक्के, म्हणजे २५ हजार घालावे लागतात. बाकीचे पावणेपाच लाख बँक देते. अनुदान शहरात २५ टक्के, म्हणजे सव्वा लाख. तोच उपक्रम दिंडोरी-निफाडच्या गावात असेल तर ३५ टक्के, पावणेदोन लाख. हे पैसे हातात पडत नाहीत. बँक ते तीन वर्षं ठेवीत ठेवते आणि मग कर्जात वळते करते. तोपर्यंत उपक्रम चालू दिसला पाहिजे. मुद्रामध्ये रकमेनुसार गट आहेत: ५० हजारांपर्यंत शिशू, ५ लाखांपर्यंत किशोर, १० लाखांपर्यंत तरुण. या कर्जाला तारण लागत नाही. मॅनेजरने घराचे कागद मागितले आणि त्याशिवाय कर्ज नाकारलं तर नकाराचं कारण लेखी मागा.

फाइल अडते ती प्रकल्प अहवालावर. ‘उत्पन्न: जाहिराती’ एवढंच लिहिलेलं मॅनेजरला पटत नाही. दोन-तीन क्लासेस, दवाखाने किंवा दुकानांकडून वार्षिक जाहिरात पॅकेजची संमतिपत्रं जोडा. लॅपटॉप, माइक, कॅमेऱ्याची जीएसटीसह कोटेशनं लावा. सिबिल स्कोअर (आधीच्या कर्जफेडीवरून मिळणारे गुण) आधी तपासा; मोबाइलच्या हप्त्याची जुनी थकबाकीसुद्धा अर्ज पाडते.

हप्त्याचं गणित मात्र आधी मांडा. ५ लाख, ११ टक्के, ५ वर्षं: महिन्याला सुमारे १०,९०० रुपये. महिना १०० रुपयांची वर्गणी धरली तर पेमेंट गेटवेचं (ऑनलाइन पैसे जमा करून देणाऱ्या सेवेचं) कमिशन जाऊन ११२ वर्गणीदार फक्त हप्त्यात संपतात. म्हणून कर्ज यंत्रसामग्रीपुरतंच घ्या, पगारासाठी कधीच नाही. पगार वाचकांकडून आला पाहिजे, आणि वाचक सर्वसाधारण बातम्यांना पैसे देत नाहीत. लासलगाव-पिंपळगावच्या कांदा लिलावाचे भाव आणि आवक रोज संध्याकाळी व्हॉट्सअॅपवर, किंवा द्राक्ष बागायतदारांसाठी निर्यातीच्या नियमांची साप्ताहिक माहिती, अशा कामाच्या गोष्टीला देतात. यूपीआय ऑटोपे, म्हणजे दर महिन्याला वर्गणी आपोआप कापली जाण्याची सोय, लावून घ्या. दर महिन्याला आठवण करून वसुली केली तर गळती फार होते.

२०२७ च्या सिंहस्थात जाहिराती भरपूर येतील. त्या पैशाच्या भरवशावर कायम नोकऱ्या देऊ नका, त्यातून सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवा.

आणि प्रकाशन सुरू झाल्यापासून ३० दिवसांच्या आत माहिती व प्रसारण मंत्रालयाला तपशील कळवा, तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव संकेतस्थळावर टाका. अनुदान देणाऱ्या संस्था हे दोन्ही तपासतात.